सरळ उभं राहिलेलं पाणी

सरांनी एसटी चुकवली नाही असा आठवडा मला आठवत नाही. ते उशिरा यायचे असं मुळीच नाही. गाडी लागायच्या अर्धा तास आधी ते स्टँडवर हजर असत. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि एक लांब वही. गाडी लागायची, माणसं चढायची, कंडक्टर बेल मारायचा, आणि सर गाडीच्या मागे जाऊन उभे राहायचे. गाडी सुटली की तिच्या पाठीमागे धूळ उठते. ती धूळ कोणत्या अंगाला जास्त वळते, डाव्या की उजव्या, हे बघण्यात ते इतके गढून जायचे की आपल्यालाही त्याच गाडीनं जायचं होतं हे त्यांना गाडी नजरेआड झाल्यावर आठवायचं. एकदा मी गाडीत बसलो होतो आणि ते खाली. मी खिडकीतून ओरडलो, “सर, चढा ना!” त्यांनी हातानंच मला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात भेटल्यावर म्हणाले, “एसटी काय, दुसरी भेटते. कालचा भोवरा पुन्हा भेटनार हाये का?”

मी हसलो. त्या वर्षांत मी त्यांना फार हसलो. तोंडावर कमी, पाठीमागे जास्त. आज हे लिहिताना हसू नये असं वाटतं, पण माणूसच असा होता की त्यांच्याबद्दल सांगायला लागलं की हसू येतंच. आणि हसून झालं की मला माझीच लाज वाटते.

आमचं कॉलेज कारंज्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. तिथं तंत्रनिकेतनाची पदविका मिळते. सर तिथं ‘फ्लुइड’ शिकवायचे, म्हणजे पाणी, वारा, तेल, जे जे म्हणून वाहतं ते. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, मग तासिका तत्त्वावर मास्तर म्हणून त्याच प्रयोगशाळेत लागलो. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर कोणी नाही. दर जूनमध्ये नेमणुकीचं नवं पत्र मिळेल की नाही याची धाकधूक असायची. हे सांगायचं कारण पुढं कळेल. मात्र ती सबब आहे असं कोणी समजू नये.

सर वर्गात वऱ्हाडीच बोलायचे. बाकीचे आम्ही सगळे अर्धी इंग्रजी, अर्धी पुण्याकडची भाषा ओढून ताणून बोलायचो. सरांचं घर इंझोरीकडचं, भाजीपाल्याचं. मेथी, वांगी, कोथिंबीर. लहानपणी वाफ्यांना पाणी वळवता वळवता आपण शिकलो, असं ते सांगायचे. “पाण्याले शिकवाचं नसते बापा. त्याच्या मागं मागं जाचं असते,” हे त्यांचं पहिल्या तासाचं पहिलं वाक्य. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि मग परीक्षेला यातलं काय येईल म्हणून एकमेकांकडे बघायची.

उत्तरपत्रिका तपासताना ते चूक-बरोबरच्या खुणा करत नसत. जिथं पोराचं उत्तर फसलं असेल तिथं लाल शाईनं ‘असं काहून?’, म्हणजे असं का, एवढंच लिहायचे. गंमत म्हणजे जिथं उत्तर बरोबर असेल तिथंही कधी कधी तेच लिहायचे. मला दुसऱ्या वर्षी एका पेपरात सात वेळा ‘असं काहून?’ होतं आणि मार्क मात्र चांगले पडले होते. मी विचारायला गेलो तर म्हणाले, “मार्क तर पुस्तकातलं लिहिलं म्हणून देल्ले. तुले पटलं का ते सांग.” मला पटण्या-न पटण्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला मार्क पुरे होते.

लग्नाच्या पंगतीत वाढपी मठ्ठा ओतायला लागला की सर वाटी उचलून डोळ्यांसमोर धरायचे. चहा ओतणाऱ्याला सांगायचे, “जरा उंचावरून वत, हां, आता हळू.” एकदा एका सोयऱ्याच्या तेरवीला त्यांनी आचाऱ्याच्या गॅसच्या शेगडीपुढे पाऊण तास ठाण मांडलं. शेगडीची ज्योत गोल कड्यातून येते, मधे काहीच नसतं, तरी ज्योती एकाच बाजूला का कलतात हे त्यांना बघायचं होतं. आचारी म्हणाला, “वारा असन, सर.” सरांनी चारी बाजूंनी भगुणी-पातेली लावून वारा अडवला आणि पुन्हा बसले. घरातली बाई मला म्हणाली, “तुमच्या सरायले बरं नाही का?”

ते कडं त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. त्यांचा सगळा जन्मभराचा प्रश्न त्या कड्याचा होता, आणि तो अगदी सोपा आहे. मी तो मुद्दाम सोपा करून सांगतो, कारण मला स्वतःला तो समजायला फार वर्षं लागली.

एक नळी घ्या. तिच्या मधोमध एक भरीव दांडा बसवा. आता नळीतून पाणी सोडलं तर ते दांड्याभोवतीच्या फटीतून, म्हणजे बांगडीच्या आकारात, बाहेर येणार. मधे दांड्याचं टोक आहे, तिथून पाणी येत नाही. त्या टोकाच्या वर पाणी मागं वळतं, भोवरे करतं, आणि थोडं पुढं जाऊन बांगडी मिटते, एकच धार होते. आता फट सगळीकडून सारखी आहे, पाणी सगळीकडून सारखं येतंय, तर धार सरळ जायला हवी. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. सरांची धार सरळ जात नसे. ती एका बाजूला झुकायची.

त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेची एक टाकी उभी केली होती, कमरेएवढी. तळातून वर तोंड केलेली नळी, तिच्यात वर्कशॉपच्या लेथवर स्वतः कातून घेतलेला पितळी दांडा. गच्चीवरच्या एका पिंपातून पाणी यायचं; पिंप सतत वाहतं ठेवलेलं, म्हणजे पाण्याचा जोर कमी-जास्त व्हायला नको. बारीक नळीनं लाल शाई सोडली की पाण्यातली धार दिसायची. नळीच्या काठावर त्यांनी ऑइल पेंटनं एक ते बारा आकडे काढले होते, घड्याळासारखे. धार चारकडे झुकली की वहीत ‘४’, सातकडे झुकली की ‘७’.

बघायला ते सुंदर होतं, हे मी तेव्हाही कबूल करायचो. लाल धार वर चढायची, पोटात भोवरे फिरवत, आणि मग कोणीतरी हळूच खांद्याला धरून वळवावं तशी एका अंगाला कलायची. तशीच राहायची. तास-दीड तासानं बघावं तर ती कलंडतच दुसऱ्या आकड्याकडे सरकलेली.

“नळी वाकडी असेल सर,” हे त्यांना शंभर जणांनी सांगितलं असेल. त्यात मी पहिला. त्यांनी फट पातळ पात्यांच्या गेजनं बाराही ठिकाणी मोजली. दांडा नवा केला. मग एक दिवस मला बोलावून घेतलं आणि अख्खी नळीच चतकोर फिरवून बसवली. म्हणाले, “आता पाह्य. नळी वाकडी असती तर झुकाव नळीसंगं फिरला असता ना? नाही फिरला. अन् वाकडी नळी एकाच बाजूले झुकवन. हे तं आज चार, उद्या सात, परवा पुन्हा चार. वाकडेपना कुठं असा हिंडते का रे?”

याहून सरळ पुरावा कोणता हवा होता? पण मी तेव्हा घड्याळाकडे बघत होतो. माझा पुढचा तास होता.

त्यांच्या वहीत एक रकाना ‘साक्षीदार’ असा होता. आपलेच डोळे आपल्याला फसवतात, म्हणून प्रत्येक नोंदीला कोणीतरी दुसऱ्यानं बघून सही करायची, हा त्यांचा नियम. जो सापडेल त्याला ते पकडायचे. शिपाई, ऑफिसातला कारकून, टँकरवाला, पोराची फी भरायला आलेला बाप. शिरपूरच्या देवळाला जाताना गाडी पंक्चर झाली म्हणून कॉलेजात पाणी प्यायला आलेल्या एका गुजराती कुटुंबानंही त्या वहीत सह्या केल्या आहेत, पाच जणांनी, लहान मुलीसकट. सर त्यांना म्हणाले होते, “कोन्त्या आकड्याकडे झुकलं ते मी सांगनार नाही. तुमी सांगा.” त्या मुलीनं नऊ सांगितला. सरांनी नऊ लिहिला.

सगळ्यात जास्त सह्या माझ्या आहेत. मी हाताशी असायचो ना. पहिले काही दिवस मी वाकून बघितलं असेन. नंतर सर आकडा विचारायचे तेव्हा मी आदल्या नोंदीकडे नजर टाकून त्याच्या आसपासचा काहीतरी सांगायचो आणि सही ठोकायचो. हे मी कोणालाही कधी सांगितलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांना साक्षीदार हवा होता आणि त्यांना मी मिळालो.

मग ती समिती यायची ठरली.

कॉलेजात समिती येणं हे आमच्याकडे पोरीला बघायला पाहुणे येण्यासारखं असतं. पंधरा दिवस आधीपासून सगळं सरळ करायचं. भिंतींना रंग, फोटो एका ओळीत, नर्सरीतून उसन्या आणलेल्या कुंड्या, मोडक्या खुर्च्या मागच्या खोलीत. न चालणाऱ्या यंत्रांना पुसून त्यांच्यापुढे पाटी. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, “तुमच्या सरांची ती टाकी दाखवायची आहे. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असलं काही नाही. पण ते पाणी वाकडं जातं म्हणतात. समितीपुढे आपलं उपकरण वाकडं दिसलं तर काय शोभा राहील? तुम्ही लक्ष घाला. तुमच्या पत्राचंही बघू या वर्षी.”

मी लक्ष घातलं.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी सर जेवायला गेले होते. मी शर्टाची बाही खांद्यापर्यंत चढवून टाकीत हात घातला. ऑफिसात सरस्वतीपुढे लावलेल्या उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी मी आणली होती. तिचा नखाएवढा तुकडा मोडून फटीत खाली खोचला, काठापासून बोटभर आत, म्हणजे वरून दिसायला नको. धार जास्तच झुकली. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं तो तुकडा ढकलत ढकलत फटीत फिरवला. थोडा इकडे, थोडा तिकडे. आणि एका जागी आल्यावर ती धार उभी राहिली. ताठ. मी पाच मिनिटं बघितलं, ती हलली नाही. हात पुसला, बाही खाली केली आणि डबा खायला गेलो.

खरं सांगतो, मला त्या वेळी आपण काही वाईट केलं असं वाटलं नाही. उलट सरांवर उपकार केले असंच वाटलं. उद्या चार मोठ्या माणसांसमोर त्यांचं हसं व्हायचं ते मी वाचवलं. नळी वाकडी होती, मी पाचर मारून ती नीट केली. सुतार तरी दुसरं काय करतो? मला वाटलं होतं, पाणी सरळ गेलेलं बघून सर खूश होतील. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी काढली, त्या माणसाला मी एवढंच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघं आले. मी पुष्पगुच्छांचा ट्रे धरून उभा होतो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो त्यांना गळ्याशी टोचत होता. अकरा वर्षांच्या वह्या त्यांनी टेबलावर रचून ठेवल्या होत्या. त्यांनी सुरुवात केली, “साहेब, हे पानी झुकते. सगयं सारखं असूनही झुकते. काहून झुकते ते मले अजून माहीत नाही. पन झुकते हे खरं हाये, साक्षीदार हायेत.” आणि कॉक उघडला.

लाल धार वर आली आणि सरळ उभी राहिली.

सर थांबले. घड्याळ बघितलं. “जरा वेय लागते,” म्हणाले. दोन मिनिटं गेली, चार गेली. धार हललीच नाही. समितीतला एक जण घाईत होता, तो म्हणाला, “वा, फारच छान. अगदी सरळ आहे.” प्राचार्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. सर वाकून काचेला नाक लावून बघत होते. मी त्यांच्या मागेच होतो, त्यांचा श्वास काचेवर जमलेला मला दिसत होता. काचेवरचा तो डाग त्यांनी बाहीनं पुसला आणि पुन्हा बघितलं.

मग ते सरळ झाले आणि आवाज न चढवता, एखाद्या पोराला त्याचं गणित परत द्यावं तसं बोलले, “साहेब, माह्यं चुकलं. नळीच वाकडी असन. आज कशी काय ते सरय बसली अन् मले कळलं. ह्या वह्यायतलं कागदावर काही लिहू नका. हे खोटं हाये.”

समितीला ते नीटसं कळलंही नसावं. ते पुढच्या खोलीत गेले. मी ट्रे घेऊन त्यांच्या मागे गेलो. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं, सगळ्यांसमोर नाही तर निदान संध्याकाळी, दोघंच असताना. संध्याकाळी सर प्रयोगशाळेत एकटेच बसले होते. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. माझ्या मनानं तोवर एक सोयीचं उत्तर शोधलं होतं: सर आता स्वतःच म्हणतात ना नळी वाकडी होती, मग मी मधे कशाला बोलू?

त्या आठवड्यात त्यांनी टाकी मोडायला काढली. दांडा उपसला असता तर काडी हाती आली असती. मी धावत गेलो. “तुमी कायले हात भिजवता सर, मी करतो.” ते म्हणाले, “तूच कर बापा. तूच तं होता इतके वर्षं संगं.” काडीचा तुकडा मी केराच्या डब्यात टाकला आणि त्याच्यावर कागदाचे बोळे टाकले. दांडा भंगारात जाऊ नये म्हणून सर तो घरी घेऊन गेले. वह्या नेल्या नाहीत. त्या मी प्रयोगशाळेच्या कपाटात खालच्या फळीवर टाकल्या.

त्यानंतर ते दोन वर्षं कॉलेजात होते. शिकवायचे नेहमीसारखेच, पण उत्तरपत्रिकांवर चूक-बरोबरच्या खुणा करायला लागले. पोरांना बरं वाटलं. स्टँडवर मी त्यांना एकदा पाहिलं, गाडी लागल्याबरोबर चढून बसलेले, पिशवी मांडीवर घेऊन. कंडक्टर मला म्हणाला, “तुमचे सर सुधारले भाऊ!” मी हसलो. हे हसणं मात्र मला अजून झोंबतं. सर निवृत्त झाले, गावाकडे गेले. मी त्यांच्या निरोप समारंभात भाषण केलं. मला नोकरीत कायम केलं गेलं होतं, त्यामुळे मला भाषण करता येऊ लागलं होतं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी प्रकल्प करायला आली. तिच्या बापाची मंगरूळकडे संत्र्याची बाग. बागेत फवारणीला ट्रॅक्टरच्या मागे मोठा पंखा असतो. मधे भरीव बुड आणि भोवतालच्या गोल फटीतून वारा, त्या वाऱ्याबरोबर औषध उडतं. बाप म्हणायचा, एका दिवशी या ओळीला जास्त औषध लागतं, दुसऱ्या दिवशी त्या ओळीला, आणि बोल मात्र ट्रॅक्टरवाल्याला बसतो. मुलीनं ते कॉम्प्युटरवर मांडलं. गोल फट, सगळीकडून सारखी, सगळीकडून सारखा वारा. तिचं चित्र झुकलेलं आलं.

मी म्हणालो, “आखणी चुकलीये. पुन्हा कर.”

तिनं पुन्हा केलं. पुन्हा झुकलं. मी पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती वैतागलेली होती. “सर, यात वाकडं होन्यासारखं काही ठेवलंच नाही मी. कॉम्प्युटरमंदी नळी वाकडी कशी असन? अन् हे पाहा, बाहेरच्या देशात लोकायनं हेच मोजून ठेवलं हाये. मधे भरीव असलं अन् कड्यातून धार आली, तं ती आपोआप एका बाजूले झुकते, अन् झुकाव हळूहळू फिरतेही. जोर एका मर्यादेच्या वर गेला की होतेच म्हनते हे.”

तिनं कागद माझ्यापुढे ठेवले. मला ते वाचायची गरज नव्हती. मी तिला ‘बरोबर आहे’ म्हणालो, ‘पुढं कर’ म्हणालो, आणि ती गेल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून कपाटाच्या खालच्या फळीपुढे जमिनीवर बसलो. वह्यांना वाळवी लागली नव्हती, एवढंच नशीब. चार, सात, सात, आठ, नऊ. पानांमागून पानं. ओळीओळीला माझ्या सह्या. कुठली खरी आणि कुठली न बघता ठोकलेली, हे आता मलाही सांगता येत नाही. त्यांचं सोनं होतं, आणि त्यात माती कालवणारा मी, दोनदा. आधी सह्यांनी, मग काडीनं. मी चांगला माणूस आहे असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो होतो.

तरी जायला मला तीन महिने लागले.

रविवारी सकाळी वह्या गाडीत घालून मी इंझोरीकडे निघालो. सरांचा मळा रस्त्यापासून आत होता. ते वांग्याच्या वाफ्यात वाकले होते. आता वाळून गेले होते, पण आवाज तोच. “अरे! ये ये. काहून बापा, सुट्टी हाये का?” काकूंनी चहा ठेवला. मी चहा येईपर्यंतही थांबू शकलो नाही. विहिरीच्या काठाशी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. प्राचार्य, उदबत्तीची काडी, स्क्रू-ड्रायव्हर, केराचा डबा. मुलीचं चित्र. ती बाहेरच्या देशातली माणसं. न बघता केलेल्या सह्या. “सर, तुमी खरे होते. नळी सरय होती. मी खोटं केलं. तुमचे अकरा वर्षं मी पाण्यात घातले.”

सर खाली बसले. मला वाटलं त्यांना चक्कर आली, मी पुढं झालो, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग हवा होता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, निघ इथून म्हटलं असतं, तर मी ते घेऊन परत गेलो असतो आणि मला हलकं वाटलं असतं.

“थांब थांब,” ते म्हणाले. “काडी घातल्यावर ते सरय उभं राह्यलं? खरंच सरय?”

“हो सर.”

“अन् आधी घातली तवा जास्त झुकलं?”

“हो.”

“म्हंजे काडी कुठं बसते त्याच्यावर होतं सगयं! नखाएवढ्या काडीनं एवढं मोठं पानी उभं राहते! आरे, मी अकरा वर्षांत फटीत काही घालून पाह्यलंच नाही. मले सुचलंच नाही. मी आपला सगयं सारखं कराच्या मागं.” त्यांचे डोळे चमकायला लागले होते. त्यांनी वळून घराकडे हाक मारली, “आवं, पेन्सिल आन जरा!” माझ्या हातातली वरची वही त्यांनी ओढून घेतली, शेवटचं पान काढलं, त्या समितीच्या दिवसाचं, जिथं त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. काकूंनी आणलेली पेन्सिल घेतली, गुडघ्यावर वही ठेवली, तारीख घातली. पानावर एक गोल काढला, भोवती आकडे मांडले.

“हं, सांग. काडी कोन्त्या आकड्यावर होती?”

मी आठवायचा प्रयत्न केला. नळीचा काठ आठवला, त्यावरचे पिवळे आकडे आठवले. माझा हात त्यांच्यावरूनच गेला होता. पण मी आकड्यांकडे बघितलंच नव्हतं. धार सरळ झाली आणि माझं काम झालं होतं.

“अंदाजानं सांग,” सर म्हणाले. “काडी घालाच्या आधी धार कोन्तीकडे होती ते तं माहीत असन? त्याच्या समोरच्या बाजूले होती का काडी, का त्याच बाजूले? एवढं सांग, बाकीचं मी जमवतो.”

ते माझ्याकडे मान वर करून बघत होते. पेन्सिल कागदाला टेकलेली. मी चार म्हटलं असतं, सात म्हटलं असतं, तोंडाला येईल तो आकडा सांगितला असता, तरी त्यांनी तो लिहून घेतला असता. एवढं सगळं ऐकून झाल्यावरही.